फुंकनळीचा सातबारा

चुलीपुढची फुंकणी आता बहुतेक शहरी घरांतून गेली आहे. पितळेची असो वा लोखंडाची, तिचे काम एवढेच होते, की माणसाचा श्वास वाटेत विखरू न देता नेमक्या निखाऱ्यावर पोहोचवावा. याच साध्या तत्त्वावर जगातील अनेक आदिवासी समाजांनी शिकारीचे एक विलक्षण साधन सिद्ध केले. एक लांब पोकळ नळी, तिच्यात काडीसारखा हलका बाण आणि छातीभर श्वासाचा एक झटका, एवढीच त्याची सामग्री. मराठीत या साधनाला रूढ नाव नाही. फुंकणीच्या नात्याने त्याला फुंकनळी म्हणावयास हरकत नसावी.

बोर्निओ बेटाच्या वायव्य भागात सारवाक हे मलेशियाचे राज्य आहे. तेथील पेनान जमातीचे लोक आपल्या फुंकनळीला केलेपुत म्हणतात. तिची वर्णने प्रवासग्रंथांत येतात, वस्तुसंग्रहालयांत ती काचेआड दिसते आणि पर्यटकांसमोर तिची प्रात्यक्षिकेही होतात. ‘एक लोपत चाललेली कला’ असा उसासा टाकून पाहणारे पुढच्या दालनाकडे वळतात. कला लोपते ती मात्र हवेत विरून जात नाही. तिच्या पायाखालची जमीन कोणी तरी काढून घेतलेली असते. फुंकनळीच्या बाबतीत ही गोष्ट इतकी स्पष्ट आहे, की तिच्याकडे हस्तकलेचा नमुना म्हणून न पाहता जमिनीच्या हक्काचा दस्तऐवज म्हणून पाहणे अगत्याचे ठरते. हे विधान कोणास अतिशयोक्त वाटेल. म्हणून ही वस्तू तयार कशी होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

एका लाकडातील सरळ पोकळी

पोकळ नळी मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे निसर्गाने पोकळ केलेली वस्तू घेणे. मलाया द्वीपकल्पातील ओरांग अस्ली जमाती लांब पेरांच्या बांबूची फुंकनळी करतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात काही जमाती ताडजातीच्या लाकडाच्या दोन फाकांत पन्हळी कोरून त्या एकमेकींवर घट्ट बांधतात. बोर्निओतील कारागिरांनी यांहून कठीण मार्ग पत्करला. ते एका अखंड, जड आणि टणक लाकडात टोकापासून टोकापर्यंत सहा ते आठ फूट लांबीचे भोक पाडतात. त्याची रुंदी जेमतेम एक सेंटीमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी असते. ज्याने कधी गिरमिटाने वीतभर लाकडात सरळ भोक पाडण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला या कामाची कल्पना येईल. भोक मधेच किंचित कलले, की सारे लाकूड वाया जाते.

चार्ल्स होज आणि विल्यम मॅक्डूगल यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या बोर्निओविषयीच्या ग्रंथात या कामाचे तपशीलवार वर्णन आहे. होज हे ब्रुक घराण्याच्या राजवटीत बारम नदीच्या खोऱ्यात अधिकारी होते. त्यांचे वर्णन असे, की निवडलेल्या झाडाच्या सरळ धाग्याच्या भागातून लांब पट्ट्या फाडून त्या गोलसर तासतात. मग जमिनीपासून सुमारे सात फूट उंचीवर माच बांधून लाकूड तिच्याशी अगदी उभे जखडतात. कारागीर माचीवर उभा राहतो. त्याच्या हातात पहारीसारखी, पण बारीक आणि नऊ फूट लांब लोखंडी सळई असते. तिचे एक टोक पटाशीसारखे धारदार असते. ती उचलायची, खाली सोडायची, दर वेळी थोडी फिरवायची, हाच क्रम. जोडीदार मधूनमधून भोकात पाणी ओततो; त्याबरोबर कीस वर तरंगून येतो. निष्णात माणसाला हे काम पुरे करण्यास सुमारे सहा तास लागतात. नंतर नेमक्या जाडीचा लवचीक वेत आत घालून पुनःपुन्हा ओढतात, तेव्हा आतील पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. बाहेरची तासणी आणि घासणी मागाहून होते. लाकूड जाड असतानाच भोक पाडावयाचे आणि मग भोकाच्या अनुरोधाने बाहेरचे अंग बारीक करावयाचे, यात मोठे शहाणपण आहे. चूक सुधारण्यास तेवढीच जागा राहते.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. फुंकनळीच्या तोंडाशी वेताच्या दोरीने भाल्याचे लोखंडी पाते बांधलेले असते. जखमी रानडुक्कर अंगावर आले, तर तीच नळी उलट भाला होते. परंतु टोकाशी पात्याचे वजन आले, की लांब नळी खाली झुकणार. हे जाणून भोक पाडण्याच्या अखेरच्या टप्प्यात लाकूड किंचित वाकवून पोकळीला हलकासा बाक देतात. पाते बांधल्यावर त्याच्या भाराने तो बाक नाहीसा होतो आणि नेम धरताना पोकळी सरळ येते. भार, झुकाव आणि लाकडाचा स्वभाव यांचा असा मेळ ज्यांनी घातला, त्यांना ‘मागासलेले’ म्हणण्यापूर्वी आपण कोणत्या मापाने मोजतो आहोत, हे पाहिलेले बरे.

बाण आणि चीक

नळी हा अर्धाच भाग झाला. बाण म्हणजे ताडजातीच्या झाडाच्या पानाच्या शिरेपासून तासलेली, वीतभर किंवा त्याहून थोडी लांब काडी. तिच्या मागच्या टोकाला साबुमाडाच्या मऊ गाभ्याचा शंकूसारखा बोळा बसवतात. हा बोळा नळीत अगदी बेताने बसावा लागतो. सैल बसला तर वारा बाजूने निसटतो, घट्ट बसला तर बाण अडकतो. म्हणून पेनान शिकारी आपल्या बांबूच्या भात्यात मापाचा एक लहानसा लाकडी खुंटा बाळगतो आणि त्यावर गाभा चढवून तासतो. दर नळीचे माप निराळे आणि दर नळीचा खुंटा निराळा. माकडासाठी नुसते टोकदार बाण, तर डुकरासारख्या मोठ्या जनावरासाठी टोकाला पत्र्याचा लहान त्रिकोण बसवलेले बाण, असा भेदही ते करतात.

इतका हलका बाण स्वतःच्या वेगाने मोठे जनावर मारू शकत नाही. त्याचे बळ विषात असते. पेनान ज्याला ताजेम म्हणतात, त्या उंच वृक्षाच्या सालीवर तिरप्या खाचा पाडतात, पाझरणारा चीक बांबूच्या नळकांड्यात गोळा करतात आणि मंद आचेवर आटवून त्याचा काळपट लगदा करतात. त्यातील द्रव्ये हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात. रक्तात गेल्यावर ती प्राणघातक ठरतात. पोटातून मात्र ती फारशी शोषली जात नाहीत. म्हणून शिकारीचे मांस, जखमेभोवतीचा भाग काढून, निर्धोकपणे खाता येते. नळीचा आवाज जवळजवळ होतच नसल्याने एक माकड पडले, तरी फांद्यांवरचा कळप लगेच उधळत नाही. खाचा पाडलेले झाड जखम भरून काढते आणि पुढेही चीक देत राहते. चीक हवा असेल तर झाड जगले पाहिजे, ही अट या शिकारीच्या मुळाशीच आहे.

या वृक्षाचे शास्त्रीय नाव ‘अँटिॲरिस टॉक्सिकेरिया’. युरोपात त्याची कीर्ती ‘उपास’ या नावाने भलतीच पसरली होती. १७८३ साली लंडनच्या एका मासिकात फोर्श या नावाने एक वृत्तांत आला. जावा बेटावरील या झाडाच्या आसपास कोसच्या कोस काही जगत नाही आणि देहदंडाच्या कैद्यांना त्याचे विष आणावयास पाठवतात, असे त्यात म्हटले होते. हा सारा मजकूर कपोलकल्पित होता. तरी इरॅस्मस डार्विनसारख्या विद्वानाने तो आपल्या काव्यात घेतला आणि ‘उपास वृक्ष’ हा सर्वनाशाचा वाक्प्रचार होऊन बसला. लेशेनो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने जावात प्रत्यक्ष जाऊन झाड पाहिले आणि १८१० साली त्याचे शास्त्रशुद्ध वर्णन केले, तेव्हा या भाकडकथेचा पाया ढासळला.

मराठी वाचकाला या ठिकाणी थांबून एक गोष्ट लक्षात घेता येईल. हाच वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानांत आहे. त्याला चांदकुडा किंवा करवत म्हणतात. वड, उंबर आणि फणस यांच्याच कुळातला तो आहे. पश्चिम घाटातील लोकांनी त्याचा निराळाच उपयोग शोधला. खोडाचा योग्य जाडीचा तुकडा भिजवून, ठोकून त्याची साल सैल करावयाची आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी ती सोलून काढावयाची. तळाशी लाकडाची चकती तेवढी राखली, की शिवण नसलेले धान्याचे पोते तयार होते. गेल्या शतकाच्या आधीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इथल्या झाडाला ‘पोती देणारा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. युरोपातल्या कल्पनेत हे झाड राक्षस झाले, बोर्निओत ते शिकाऱ्याचे भांडार झाले आणि आपल्याकडे त्याने धान्य साठवले. झाड ओळखण्याचा अधिकार कोणाकडे असतो, त्याच्या सावलीत राहणाऱ्याकडे की दूरदेशी लिहिणाऱ्याकडे, याचे उत्तर या तीन कथांत मिळते.

राखलेल्या झाडांचा हिशेब

आता या वस्तूची सामग्री एकत्र मांडून पाहू. नळीसाठी विशिष्ट जातीचे, सरळ वाढलेले आणि जुने टणक झाड. बाणासाठी ताड. बोळ्यासाठी साबुमाड, ज्याच्या खोडातील पीठ हेच भटक्या पेनानांचे मुख्य अन्न. आपल्या उपवासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. मूळचा साबुदाणा या जातीच्या माडाचा. विषासाठी ताजेम, भात्यासाठी बांबू, बांधणीसाठी आणि आतील घासणीसाठी वेत. यांतील एकही वनस्पती दुसरीच्या शेजारी ठरवून लावलेली नसते. कोणी ओढ्याकाठी, कोणी डोंगराच्या धारेवर, तर कोणी दोन दिवसांच्या वाटेवर असते. एक फुंकनळी आणि भाताभर बाण तयार करावयाचे, तर माणसाला जंगलाचा फार मोठा टापू नुसता माहीत असून भागत नाही. त्या टापूत फिरण्याची मुभा असावी लागते.

पेनानांच्या व्यवहारात यासाठी एक संकल्पना आहे. तिला ते मोलोंग म्हणतात. एखाद्याला साबुमाडाचे बेट, वेताचे जाळे, फळझाड किंवा ताजेमचे झाड आढळले, तर तो त्यावर आपली खूण करतो. त्या क्षणापासून ते झाड त्याचे किंवा त्याच्या कुटुंबाचे मानले जाते. मोलोंग करणे म्हणजे घेणे आणि राखणे या दोन्ही गोष्टी एकदम करणे. आज तोडावयाचे नाही, परत येऊ तेव्हा लागेल तेवढे घ्यावयाचे आणि पुढच्यांसाठी ठेवावयाचे, असा तो करार असतो. कागद नाही, मुद्रांक नाही, तलाठी नाही. परंतु मालकी आहे, वारसा आहे आणि मर्यादाही आहे.

या लोकांचा बाहेरच्या जगाशी संबंधच नव्हता, अशी समजूतही बरोबर नाही. ज्या सळईवाचून भोक पडत नाही, ती लोखंडाची. लोखंड त्यांना कायान, केन्याह अशा नदीकाठच्या स्थायिक शेजाऱ्यांकडून मिळे. बदल्यात पेनान कापूर, वेत, चटया आणि रानातील इतर माल देत. म्हणजे फुंकनळी ही जंगल आणि बाजार यांच्या देवघेवीतूनच घडली आहे. बदलाला त्यांचा कधीच विरोध नव्हता. पुढच्या संघर्षाचा अर्थ कळण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवला पाहिजे.

तोडणाऱ्याचा हक्क, राखणाऱ्याचा नाही

सारवाकचा जमीन कायदा १९५८ सालचा, म्हणजे ब्रिटिश वसाहतीच्या काळातला आहे. १९६३ साली सारवाक मलेशियात सामील झाले, तरी तोच कायदा चालू राहिला. स्थानिक जमातींचे परंपरागत हक्क तो मान्य करतो, हे खरे. पण कोणत्या पुराव्यावर? अस्पर्श जंगल तोडून ती जमीन वहिवाटीखाली आणणे, फळझाडे लावणे, शेती करणे, दफनभूमी म्हणून वापरणे, वाट म्हणून वापरणे, असे मार्ग कायदा सांगतो. आणि हे सारे १ जानेवारी १९५८ पूर्वी झालेले असले पाहिजे. ज्या कायान किंवा इबान शेतकऱ्याने रान तोडून भात पेरले, त्याला निदान दाखविण्यासारखे काही तरी आहे. ज्या पेनानाने झाड तोडले नाही, खूण करून राखले, त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काय? उभे असलेले जंगलच! आणि उभे जंगल तर सरकारी दप्तरात ‘कोणाचेही नसलेले’ ठरते.

आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाची आणि तीत पीक कोणते, हे लिहिलेले असते. शिक्षक, कारकून, शेतकरी या साऱ्यांना त्या कागदाचे मोल ठाऊक आहे. घरातले निम्मे तंटे त्यावरून होतात आणि मिटतातही. पण उताऱ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, की जमीन कसणारा तो जमिनीचा धनी. जमीन न फोडता तिच्यावर जगणाऱ्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न त्या चौकटीत उठतच नाही. पेनानांच्या बाबतीत तोच प्रश्न त्यांच्या अस्तित्वाचा होऊन बसला. वास्तविक त्यांच्या हातातली फुंकनळी हाच त्यांचा उतारा होता. तिच्यातील दर वस्तू कोणत्या झाडापासून आली, ते झाड कोठे आहे, त्यावर कोणाची खूण आहे, हे तो सांगू शकतो. वहिवाटीचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

१९७० आणि १९८० च्या दशकांत लाकूडतोडीचे परवाने सारवाकच्या अंतर्भागात पोहोचले. यांत्रिक करवती आणि बुलडोझर आले, ओढे गढूळ झाले, शिकार दूर पळाली, साबुमाडाची बेटे ओंडक्यांखाली चिरडली गेली. खूण केलेली झाडेही पडली. खूण वाचणारे तोडणाऱ्यांत कोणीच नव्हते. अर्जविनंत्या निष्फळ ठरल्यावर मार्च १९८७ मध्ये बारम आणि लिंबांग भागांत पेनानांनी लाकूडवाहतुकीचे रस्ते अडवले. बांबू आणि वेलींचे अडसर, त्यांमागे बायकामुले आणि हाती फुंकनळ्या घेतलेले पुरुष, ही दृश्ये जगभर पोहोचली. सरकारचे उत्तर त्याच वर्षी आले. वन कायद्यात दुरुस्ती करून लाकूडवाहतुकीच्या रस्त्यावर अडथळा आणणे हा कैदेस पात्र असा गुन्हा ठरवण्यात आला. हॅरिसन ङाऊ या कायान कार्यकर्त्याला विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. पुढे १९९० साली हेच गृहस्थ संसदेवर निवडून आले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय उष्णप्रदेशीय लाकूड संघटनेच्या पाहणी पथकाने सारवाकमधील तोड याच गतीने चालू राहणे शक्य नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे अडाणी म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांचे म्हणणे तज्ज्ञांच्या भाषेत पुन्हा सांगितले गेले.

तोड थांबली नाही. उपग्रहचित्रांवर आधारलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९० ते २००९ या काळात सारवाक आणि शेजारच्या साबाह राज्याच्या सुमारे ८० टक्के भूभागावर तीव्र तोडीचा किंवा सफाईचा परिणाम झाला होता. तोडीमागून तेलताडाच्या बागा आल्या.

हे ओंडके गेले कोठे? १९८० च्या दशकात मुख्यतः जपानकडे. त्यांतील पुष्कळ लाकूड प्लायवुड होऊन काँक्रीटच्या साच्यांत खपले. परंतु जपानकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत सारवाकच्या ओंडक्यांचा सर्वांत मोठा खरेदीदार भारत होता. कांडला बंदरात उतरणाऱ्या आयात लाकडात आग्नेय आशियाचा वाटा मोठा असे. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत दाराच्या चौकटींसाठी ‘मलेशियन साल’ या नावाने लाकूड सर्रास विकले जाते. दर चौकटीचे लाकूड पेनानांच्या रानातलेच, असे कोणी म्हणणार नाही. पण ते कोठल्या रानातले, हे विचारण्याचीही आपल्याकडे पद्धत नाही, हे मात्र म्हणता येते. सदनिकेच्या कागदपत्रांत आपण सातबारा तपासून घेतो. चौकटीच्या लाकडाचा सातबारा कोण तपासतो?

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आज बहुतेक पेनान वस्ती करून राहतात. पूर्णपणे भटके असे थोडेच उरले आहेत. त्यांच्या मुलांना शाळा हवी आहे, दवाखाना हवा आहे, रस्ता आणि वीजही हवी आहे. अनेकांजवळ बंदुका आहेत. मग दूर बसून त्यांनी फुंकनळीच वापरावी, असा आग्रह धरणारे आपण कोण? त्यांना जिवंत संग्रहालयात कोंडण्याचा हा प्रकार नव्हे काय?

आग्रह तसा असेल, तर आक्षेप पूर्णतः रास्त आहे. परंतु १९८७ साली रस्त्यावर बसलेल्या लोकांची मागणी जुने जग गोठवून ठेवण्याची नव्हती. आमच्या जंगलाचा निर्णय आम्हाला विचारून व्हावा, एवढीच ती होती. बंदूक घ्यावी की नळी, हे ठरविण्यास दोन्ही उपलब्ध असाव्या लागतात. बंदुकीसाठी परवाना लागतो, काडतुसांसाठी पैसा लागतो, पैशासाठी बाजारात जावे लागते. फुंकनळीसाठी लागते ते जंगल. जंगल गेल्यावर माणूस बंदूक ‘निवडतो’ असे म्हणणे, म्हणजे विहीर बुजवून टाकून गावाने टँकर पसंत केला असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय ज्या विकासाच्या नावाने झाडे गेली, त्याची शाळा आणि दवाखाना पुष्कळ वस्त्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. रस्ता पोहोचला, कारण ओंडक्यांना तो हवा होता.

कारागिरीचा सन्मान मात्र होत असतो. कुचिंग शहरातील वस्तुसंग्रहालयात बोर्निओच्या लोकजीवनाचे मौल्यवान भांडार आहे. शहराबाहेरच्या सांस्कृतिक ग्रामात निरनिराळ्या जमातींची घरे उभारली आहेत आणि पेनानांच्या झोपडीपाशी पाहुण्यांना फुंकनळी फुंकून पाहता येते. याने दोन-चार कारागिरांना रोजगार मिळतो, हे चांगलेच आहे. पण पाहुण्यांच्या करमणुकीसाठी फळ्यावर मारावयाच्या बाणाला ताजेम लागत नाही. गाभ्याचा बोळा लागतो, पण साबुमाडाचे बेट राखावे लागत नाही. हात चालू राहतो आणि ज्या ज्ञानासाठी तो हात होता, ते खुंटते. पेहराव, नाच आणि नळी यांचा गौरव करावयाचा आणि तेवढ्यात जमिनीचा परवाना दुसऱ्याला द्यावयाचा, हा व्यवहार जगातील बहुतेक सरकारांना साधला आहे. आपले सरकारही त्याला अपवाद नाही.

तरीही या बाबतीत आपल्या देशात एक पाऊल पडले आहे, त्याची नोंद केली पाहिजे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जंगल न तोडता त्यावर जगणाऱ्यांचे, भटक्या आणि पशुपालक समाजांचेसुद्धा, सामूहिक हक्क तत्त्वतः मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतरही आपल्याच रानातील बांबू बाहेर नेण्याचा परवाना हाती येण्यास २०११ साल उजाडले, कारण बांबू हे गवत असूनही १९२७ चा वन कायदा त्याला झाड मानीत होता. ती व्याख्या २०१७ साली बदलली. या कायद्याची अंमलबजावणी किती अपुरी आहे आणि किती दावे कचेऱ्यांत अडकले आहेत, हे आदिवासी भागात काम करणारे शिक्षक आणि ग्रामसेवक जाणतात. परंतु तोडणे हाच हक्काचा पुरावा नव्हे, राखणे हाही पुरावा होऊ शकतो, हे तत्त्व कागदावर तरी आले.

सारवाकमध्येही हालचाल आहे, पण उलटसुलट. २०१६ साली मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक जमातींच्या राखीव सामूहिक वनाच्या प्रथेला कायद्याचे बळ नाही, असा निर्णय दिला. त्यावर असंतोष उसळल्यानंतर २०१८ साली जमीन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा क्षेत्राला मान्यता मिळाली. मात्र मर्यादा ५०० हेक्टर, आणि फार तर १,००० हेक्टर. भटक्या गटाच्या फिरण्याच्या टापूच्या मानाने हे क्षेत्र अगदीच तोकडे आहे. दरम्यान पेनानांनी आपले काम आपल्या हाती घेतले. बारम खोऱ्यातील साठांहून अधिक वस्त्यांनी वर्षानुवर्षे रान पायांखाली घालून आपल्या भूमीचे नकाशे तयार केले आणि ते २०१७ साली जाहीर केले. ओढ्यांची नावे, डोंगरांच्या धारा, जुन्या मुक्कामाच्या जागा, पूर्वजांच्या दफनाच्या जागा आणि ताजेमची झाडे त्यांत नोंदली आहेत. ज्यांना कायद्याने उतारा दिला नाही, त्यांनी तो स्वतः लिहून काढला. आणि त्यातील एक महत्त्वाची नोंद बाणाच्या विषाच्या झाडाची आहे, हा काही योगायोग नव्हे.

तेव्हा फुंकनळी वाचवावयाची असेल, तर तिच्यासाठी आणखी एका संग्रहालयाची किंवा पुरस्काराची गरज नाही. त्या नकाशांना न्यायालयात आणि महसूल कचेरीत पुरावा म्हणून मान मिळाला पाहिजे. परवाना देण्यापूर्वी तेथील लोकांची संमती घेतली गेली पाहिजे. आणि लाकूड विकत घेणाऱ्या देशांनी, त्यांत आपणही आलो, ते कोठून आणि कोणाच्या संमतीने आले, हे सांगण्याची सक्ती व्यापाऱ्यांवर केली पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टी सारवाकच्या हातांतल्या आहेत. तिसरी आपल्या हातांतली आहे, आणि तिला पेनानांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.